खळे आणि बळद

आमच्या वडीगोद्रीच्या परिसरात जुनी वस्तू सहसा कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. वखराची फास झिजली, तर ती लोहाराकडून शेवटून आणतात. बाज सैल झाली, तर तिचे सुंभ नव्याने विणतात. माझ्या लॅपटॉपच्या बाबतीतही मी हाच न्याय लावावयाचे ठरविले.

सेवानिवृत्तीनंतर मी खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या ओव्या आणि मोटेवरची गाणी ध्वनिमुद्रित करू लागलो. हा सारा संग्रह त्या लॅपटॉपमध्ये होता. ज्यांच्या तोंडून ती गाणी ऐकली, त्यांपैकी कित्येक वृद्ध आज हयात नाहीत. यंत्र मात्र इतके मंदावले होते की, एक ओवी ऐकावी म्हटले, तर ती सुरू होईपर्यंत चुलीवरचा चहा उकळून होई! शेजारची सातवीतील एक मुलगी आपल्या दिवंगत आजीचा आवाज ऐकावयास आली. बराच वेळ वाट पाहून ती म्हणाली, "गुरुजी, आता नवाच घ्या ना!"

नवे यंत्र निवृत्तिवेतनात बसण्यासारखे नव्हते. शिवाय धडधाकट वस्तू मोडीत काढणे मनाला पटेना. तेव्हा त्याची स्मृती वाढवावी, असे मी ठरविले.

मुलांनो, लॅपटॉपला दोन प्रकारची स्मृती असते. रॅम ही शेतातल्या खळ्यासारखी, तर हार्ड डिस्क ही वाड्यातल्या बळदासारखी. मळणीचे काम चालते खळ्यावर. धान्य साठते बळदात. खळे अपुरे पडले, की यंत्र काही माल बळदात नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. या येरझाऱ्यांतच त्याचा वेळ जातो. यंत्र बंद केले की खळे रिते होते. बळदातला साठा मात्र तसाच राहतो. माझ्या यंत्राचे खळे होते अवघे ४ गिगाबाइटचे, आणि बळद होते मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीचे.

"मग सर्वांत मोठी आणि वेगवान पट्टी आणावी!" मुलगी म्हणाली.

"पण ती आपल्या यंत्राला मानवेल का, हे आधी पाहावयास नको का?" मी म्हणालो.

आम्ही माहितीपुस्तिका उघडली. रॅमच्या पट्ट्यांसाठी दोन जागा होत्या; पैकी एक रिकामी होती. पट्टीची जात होती डीडीआर३एल. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ संपर्कबिंदू असतात, तर डीडीआर४ पट्टीला २६०. दोहोंची मधली खाचही निरनिराळ्या जागी असते. त्यामुळे नव्या जातीची पट्टी जुन्या जागेत बसतच नाही. हा भेद निदान डोळ्यांना दिसतो. परंतु डीडीआर३ आणि डीडीआर३एल या पट्ट्या दिसावयास सारख्या, आणि खाचही एकाच जागी! भेद आहे तो विजेच्या दाबाचा. पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरीला १.३५ पुरतात. केवळ १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रात पहिली पट्टी बसते खरी, पण चालत नाही. म्हणून मुलीने पट्टीवरील 'पीसी३एल' ही अक्षरे वहीत टिपून घेतली.

बळदाचीही तीच कथा. एनव्हीएमई जातीची साठवण फार वेगवान. परंतु तिच्यासाठी माझ्या यंत्रात सोयच नव्हती. तेथे जागा होती ती अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीच्या, साटा जोडणीच्या डिस्कची. याच मापाची, फिरती तबकडी नसलेली सॉलिड स्टेट ड्राइव्ह मिळते, हे कळले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

अंबडमार्गे जालन्यास जाऊन मी दोन्ही वस्तू आणल्या. यंत्र उघडण्यापूर्वी सारा संग्रह बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतला. कारण यंत्र दुसरे मिळेल, गेलेल्या माणसांचा आवाज पुन्हा मिळणार नाही. चार्जर काढला, बॅटरी वेगळी केली, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून धातूला हात लावला आणि मगच पेचकस हाती घेतला. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात सुमारे दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि साठवण होती जेमतेम ५ मेगाबाइट. माझ्या संग्रहातील दोनचार ओव्यांपुरती! आता तळहाताएवढ्या डब्यात शेकडो माणसांचे आवाज मावले होते.

यंत्र सुरू झाले. पाहता पाहता आजीची ओवी खोलीत घुमू लागली. ती संपेपर्यंत मुलगी जागची हलली नाही.

मोठे, महाग आणि नवे तेच उत्तम, असे आपल्याला सहज वाटते. परंतु घेणाऱ्याची घडण ओळखून दिलेले थोडेही त्याचे बळ वाढविते. न मानवणारे पुष्कळ दिले, तरी ते वाया जाते. वर्गातील प्रत्येक मुलाला काय आणि किती द्यावे, हा विचार मी वर्षानुवर्षे करीत आलो. तोच विचार यंत्रालाही लागू पडावा, याची मला मोठी मौज वाटली.