विस्तार आणि मुदत

समुद्राचे पाणी घरात निर्माण करणे ही आता दुर्घट गोष्ट राहिलेली नाही. शुद्ध पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळवावेत, पंपाने त्याला प्रवाह द्यावा, पंचवीस अंशांच्या आसपास उष्णता राखावी, आणि माशांच्या उत्सर्गातील अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर वस्ती करीपर्यंत काही आठवडे धीर धरावा, म्हणजे काचेच्या पेटीत खेळू लागणारे पाणी बव्हंशी सागराचेच असते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांना प्रत्यक्ष समुद्रासमोरच काचेआडचा समुद्र दाखवला. ती हौस पुढे आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यांतही शिरली. परंतु इतका बंदोबस्त करूनही त्या पाण्यात सोडलेले नवे मासे मरतात, आणि बहुधा जे सर्वांत देखणे तेच आधी मरतात. या मरणांचा विचार करता करता मला असे वाटू लागले आहे की, समुद्राचे सर्व गुण आपण काचेत उतरवू शकलो तरी त्याचा विस्तार तेवढा बाहेरच राहतो, आणि नव्या माशाला पहिली झळ लागते ती या उणिवेची.

लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळांवर दिवसभर शेवाळ खुडीत हिंडणारा, काळ्या मुखाचा आणि पाठीवर पिवळा पर मिरवणारा 'पावडर ब्लू टँग' या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे. जाळ्यात सापडल्यापासून त्याचे हालच सुरू होतात: पिशवीतील पाणी नासू नये म्हणून रवानगीपूर्वी त्याला उपाशी ठेवतात, आणि मग तो हस्ते-परहस्ते प्रवास करीत राहतो. समुद्रातील माशाच्या रक्तात क्षारांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असल्यामुळे त्याच्या देहातील पाणी अहोरात्र बाहेर झिरपत असते, आणि ते टिकवण्यासाठी त्याला खारे पाणी पिऊन त्यातील जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकीत राहावे लागते. भयाच्या आवेगात ही गळती वाढते. भय टिकून राहिले तर रोगप्रतिकाराची शक्तीही खालावते. त्यात पिशवीचे रसायन असे विपरीत, की श्वासाने साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लतेकडे झुकलेले असते तोवर त्यातील अमोनिया बराचसा निरुपद्रवी राहतो. परंतु पिशवी उघडून, पाहुण्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून यजमान तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडीत बसला, की तो वायू उडून जातो आणि विष जागे होते.

एवढ्यातून जो वाचतो त्याच्या अंगावर काही दिवसांनी मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. हा 'मरीन व्हाइट स्पॉट', अर्थात क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीचा प्रताप. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस पोसतो आणि मग गळून पडतो. ठिपके नाहीसे झालेले पाहून मालक आनंदतो, आणि नेमक्या त्याच काळात तळाच्या वाळूत वा दगडावर कोश करून तो जीव आपली संतती वाढवीत असतो. ही पिल्ले बहुधा काळोखात, पहाटेपूर्वी बाहेर पडतात, आणि एक-दोन दिवसांत मासा न सापडल्यास मरून जातात. समुद्रातही हा परजीवी आहेच. पण तिथे कोश फुटेपर्यंत भरती-ओहोटीने पाणी आणि स्वच्छंदाने मासा बहुधा दूर गेलेला असतो, त्यामुळे बहुतेक पिल्लांच्या नशिबी उपासमारच येते. टाकीत मात्र मासा रोज त्याच कपारीत, त्याच कोशाच्या वितीभर अंतरावर निजतो. सागरात जे दुखणे किरकोळ, ते इथे केवळ अंतराच्या अभावी प्राणघातक ठरते.

तांब्याचे औषध या पिल्लांना मारते, पण कोशातील वा कातडीतील जिवाला ते पोचत नाही; शिवाय प्रवाळ आणि कोळंबी त्याने दगावतात, म्हणून मुख्य टाकीत ते घालण्याची सोय नाही. उरतो तो उपाय विलगीकरणाचा: वाळू-दगडाविना उघड्याबोडक्या टाकीत, आडोशाला प्लास्टिकच्या नळाचे दोन तुकडे ठेवून, नव्या माशाला काही आठवडे नजरेखाली राखणे, आणि मुख्य टाकीत रोग शिरलाच असेल तर ती सुमारे अडीच महिने मत्स्यहीन ठेवणे, म्हणजे उशिरा फुटणारे कोशही फुकट जातील. आमच्याकडे येणारी मंडळी ती सजवलेली, निर्मनुष्य राजधानीसारखी टाकी पाहून विचारतात, "मासे आहेत ना, मग सोडीत का नाही?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण दाम मोजून घेतलेल्या वस्तूवर तत्काळ कबजा मिळावा हीच जगाची वहिवाट आहे. परंतु समुद्र आपल्या माशाला रोगापासून जे अंतर सहज देतो, ते चार फुटी पेटीत देता येत नसेल, तर तेवढीच फारकत कालावधीच्या रूपाने द्यावी लागते. योजनांचा हिशेब आठवड्यांनी चुकता करावा लागतो. ज्याला ही मुदत जड वाटते त्याने खुशाल दुसऱ्याच्या टाकीपुढे उभे राहून आपली हौस भागवावी. त्यात माशांचे काही नुकसान नाही.