ताम्हिणीचे आडवे डोंगर

सह्याद्री आडवा आहे हो, आडवा! डोंगर म्हटलं की हात आपोआप त्रिकोण काढायला धावतो. पण भर जुलैत मुळशीचं पाणी मागे टाकून ताम्हिणी घाटात शिरलो, ढग जरा वर सरकले आणि मी गाडीतच ओरडले, "थांब, थांब, थांब!" समोरच्या कड्यात त्रिकोण कुठेच नव्हता. काळ्या दगडाचा पट्टा, त्याखाली गवताची हिरवी किनार, पुन्हा काळा पट्टा, पुन्हा हिरवी किनार. आणि धबधबा? तो एका दमात पडतच नव्हता! पट्ट्यावरून धाडकन खाली, गवतावर जरा पसरायचं, की पुन्हा खाली.

ही सारी लाव्हारसाची करणी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत थिजला. घट्ट बेसॉल्टचे कडे ताठ राहिले, मधले सच्छिद्र, मऊ थर झिजून उतरते झाले, तिथे माती धरली, गवत रुजलं. शाळेच्या भूगोलातलं हे चित्र असं उघड्यावर मांडलेलं असतं!

रस्त्याकडेला रुंद जागा पाहून थांबलो. मांडीवर 300 जीएसएमचा जाड कागद. पेन्सिल घेतलीच नाही. चपटा ब्रश आडवा फिरवला की एक थर तयार! अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की ओल्या कातळाचा असा जिवंत करडा-काळा उतरतो, की ट्यूबमधला तयार काळा मेलेला वाटावा. आणि धुकं तर रंगवायचंच नाही! कागद आधी ओला करायचा, रंग कडेने सोडायचा आणि मधला पांढरा जपायचा. पावसाळी हवेत कागद वाळता वाळत नाही, म्हणून रंगाची कड विरघळत राहते, अगदी त्या कड्याची विरघळत होती तशीच. एरवी या ओलीला चित्रकार वैतागतात. मला तर तिने अर्धं चित्र काढून दिलं. लांबच्या रांगेला हिरवा लावलाच नाही, फक्त पातळ निळा, कारण मधल्या हवेने तिचा हिरवा कधीच गिळला होता.

जायचं तर आडवारी, सकाळी लवकर जा. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत कडा दिसायचाही नाही. मला आता वरंधा बघायचाय, आंबोली बघायचीय, आणि दिवाळीनंतर पुन्हा ताम्हिणी! तेव्हा गवत वाळून त्या सगळ्या हिरव्या किनारी पिवळ्या झालेल्या असतील. यलो ऑकरची नवी ट्यूब आणून ठेवलीय.