नुसता नजरिया

आमच्या शाळेत विज्ञान उर्दूतून शिकवले जाते. गेली बारा-तेरा वर्षे मी ते शिकवतो आहे. त्यातली पहिली पाच वर्षे मी मुलांना एक गोष्ट चुकीची शिकवली. ती चूक मला कुठल्या अधिकाऱ्याने दाखवली नाही, दहावीच्या एका मुलीने दाखवली.

विज्ञानातल्या ज्ञानाची मी फळ्यावर एक शिडी काढत असे. सगळ्यांत खालची पायरी मफरूजा, म्हणजे गृहीतक. प्रयोग करून ते थोडेफार पटले की त्याचा नजरिया होतो, म्हणजे सिद्धांत. नजरिया पुरता सिद्ध झाला की त्याला कानूनचा, म्हणजे नियमाचा दर्जा मिळतो. आणि सगळ्यांत वर हकीकत, म्हणजे पक्के सत्य. मुलांना ही शिडी आवडायची, कारण पाठ करायला सोपी. बी.एड.च्या सराव पाठातही मी ती रंगीत खडूंनी काढली होती. तेव्हा निरीक्षकांनी ‘फलकलेखन उत्तम’ असा शेरा दिला होता.

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेले नाही, तेव्हा अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असेही ते म्हणाले. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडून काढले. आमच्या शिक्षकखोलीत त्या दिवशी चहाबरोबर भरपूर हसणे झाले. बघा, ‘त्यांचे’ विचार कसे, असा त्या हसण्याचा सूर होता. त्यात मीही होतो.

त्याच वर्षी दहावीची नवी पुस्तके आली. विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. शेवटचा धडा असता तर ‘वेळ उरला नाही, घरी वाचून घ्या’ असे म्हणता आले असते. पहिल्या धड्याला ती सोय नव्हती. उत्क्रांतीचे पान उघडले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, ये तो नजरिया है ना? कानून तो नहीं बना अब तक?”

खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले. मी म्हणालो, “हां बेटा, सिर्फ नजरिया है. इम्तिहान के लिए याद कर लो.” अभ्यासक्रमही पूर्ण झाला आणि कुणाच्या घरातून तक्रार यायची भीतीही गेली. पण मुलगी खाली बसली नाही. म्हणाली, “तो सर, मिनिस्टर साहब ने गलत क्या बोला था?”

वर्गात कुणी हसले नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते. सहा महिन्यांपूर्वी ज्या माणसाला मी हसलो होतो, त्याचेच म्हणणे मी उर्दूत सांगितले होते. त्यांनी आपल्या पूर्वजांच्या नावाने सांगितले, मी आमच्या मोहल्ल्याच्या भीतीने.

त्या रात्री मी शब्दांपासून सुरुवात केली. उर्दूत संदर्भाची पुस्तके कमी मिळतात, म्हणून मराठी पुस्तके काढली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की एकाच गोष्टीला आपल्या दोन भाषांत अगदी उलट वजनाचे शब्द आहेत. मराठीत सिद्धांत. शब्द कानावर पडताच वाटते की हे सिद्ध झाले, आता पुढे बोलायचे नाही. उर्दूत नजरिया. हा शब्द आमच्याकडे मत या अर्थानेही चालतो. ‘अपना-अपना नजरिया’ म्हणून कुठलेही भांडण मिटवता येते. मराठी शाळेतला मुलगा उत्क्रांती न तपासता मान्य करतो आणि उर्दू शाळेतला न तपासता सोडून देतो. तपासत दोघेही नाहीत.

पण नजरिया हा शब्द मुळात इतका हलका नाही. तो नजर या शब्दाच्या कुळातला. अरबीतला मनाजिर हाही त्याच धातूपासून आलेला. इब्न अल्-हैसम यांच्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथाचे नाव ‘किताब अल्-मनाजिर’. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैसम यांनी दाखवले की वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो. त्यांनी टॉलेमीवरच्या शंकांचा एक वेगळा ग्रंथही लिहिला. आम्ही शाळेच्या जलशात त्यांचे नाव अभिमानाने घेतो, मात्र त्यांच्यासारखी शंका वर्गात कुणी काढली की घाबरतो. इंग्रजीतला थिअरी हा शब्दही ग्रीकमधल्या पाहणे या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे नजरिया हे नुसते मत नाही. सुट्या सुट्या दिसणाऱ्या गोष्टी ज्या एका नजरेने एकत्र कळतात, ती ती नजर.

पुढच्या तासाला मी सुई काढलेली सिरिंज वर्गात नेली. दट्ट्या दहाच्या खुणेपर्यंत ओढला, तोंड बोटाने बंद केले आणि दट्ट्या आत दाबायला सांगितले. जोर लावला की पाचपर्यंत जातो, सोडला की परत येतो. हे प्रत्येकाने करून पाहिले. ही हकीकत. रॉबर्ट बॉइल यांनी हेच इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत पारा ओतून मोजले आणि 1662 मध्ये आकडे छापले. तापमान तेच ठेवले तर दाब दुप्पट केल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. हा कानून. किती दाबले तर किती आकसेल, ते तो अचूक सांगतो. पण हवा असे का वागते, हे तो सांगत नाही.

ते सांगितले डॅनिएल बर्नुली यांनी, 1738 मध्ये. हवा म्हणजे सतत धावणारे अतिसूक्ष्म कण. जागा निम्मी केली की ते भिंतीवर दुप्पट वेळा आदळतात. हा नजरिया. म्हणजे कानून आधी आला आणि नजरिया शहात्तर वर्षांनी! माझ्या शिडीत हे बसतच नव्हते. पुढे तर गंमतच आहे. फार मोठ्या दाबाखाली बॉइलचा नियम चुकू लागतो. तो का चुकतो, हेही रेणूंच्या सिद्धांतावरूनच कळले. रेणूंना स्वतःचा आकार असतो आणि ते एकमेकांना ओढतात, हा हिशेब 1873 मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी मांडला.

मी मुलांना विचारले, “बर्नुलीने ते कण पाहिले होते का?” नव्हते. त्यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे रेणूंच्या अस्तित्वावर मोठमोठे शास्त्रज्ञ वाद घालत होते. 1908 च्या सुमारास पेरँ यांच्या प्रयोगांनी तो वाद जवळजवळ मिटला. तरीही त्या सिद्धांताला बढती मिळून त्याचा नियम झाला नाही. तो सिद्धांतच राहिला, कारण ‘का’ याचे उत्तर देणे हे त्याचे काम. कारकुनाचा हेडमास्तर होतो, तसा नजरियाचा कानून होत नाही.

मग उत्क्रांतीकडे वळलो. जुन्या खडकांत एक प्रकारचे जीवाश्म, नव्या खडकांत दुसरे. आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाला उरलेले माकडहाड. डीडीटी फवारून फवारून शेवटी डीडीटीला दाद न देणारे डास. या हकीकती आहेत. त्या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विन यांनी 1859 च्या ग्रंथात सविस्तर मांडला. तो आजच्या माकडाचा माणूस झाला असे म्हणत नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एक होते, असे म्हणतो. ‘कुणी पाहिले?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सिद्धांत खरा असेल तर काय काय सापडले पाहिजे आणि ते सापडते का, असे विचारायला हवे.

चार दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. यंत्रमागावर रात्रपाळी करून, झोप न घेता आले होते. “मास्टर साब, नजरिया तो हर एक का अलग होता है. फिर हमारे बच्चों को ये क्यों?” मुलीला शाळेतून काढण्याची भाषा त्यांच्या बोलण्यात होती. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चांदाचे उदाहरण घेतले. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आपण गच्चीवर जातो. चांद दिसला, ही हकीकत. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून महिना एकोणतीसचा किंवा तीसचा, हा हिशेब म्हणजे कानून. आणि चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो, हे गुरुत्वाकर्षणाचा नजरिया सांगतो. “गुरुत्वाकर्षण ‘सिर्फ नजरिया’ म्हणून चांद कधी थांबलाय का, भाईसाब?” ते किंचित हसले. मग त्यांनी सरळच विचारले, “और ईमान?” मी म्हणालो, “भाईसाब, ईमान सिरिंज में नापने की चीज नहीं. वो इन तीनों में से किसी खाने में नहीं आता. पर जो किताब में है, वो मैं आधा नहीं पढ़ाऊंगा.”

त्यांना पटले, असे मी म्हणणार नाही. चहा संपवून ते गेले. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात होती आणि मार्चमध्ये परीक्षेलाही बसली.

शिडी मी तेव्हाच पुसली. आता फळ्यावर तीन प्रश्न लिहितो: काय घडते, किती आणि कोणत्या हिशेबाने घडते, का घडते. पण आधीच्या पाच वर्षांची मुले ती शिडी डोक्यात घेऊन बाहेर पडली, ती रुखरुख आहे. त्यांतला एक जण मागच्या वर्षी बी.एड.ला लागला. सराव पाठासाठी त्याने फोन करून शिडीचा तक्ता मागितला. मी म्हटले, तक्ता नाही, पण संध्याकाळी घरी ये. तो आला तेव्हा त्याच्या हातात सिरिंज दिली आणि म्हणालो, “पहले मेरी एक गलती सुन ले.”