आडनाव आजोबांचं, भाषा गल्लीची

बोगोताच्या मध्यवर्ती दफनभूमीत एका जर्मन माणसाची कबर आहे. कबरीवर विचारमग्न बसलेला सोनेरी पुतळा आणि त्याच्या कानाशी लागून पुटपुटणारी माणसं. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला कर्जातून सुटका. हा लेओ कोप. 1858 मध्ये जर्मनीतल्या ओफेनबाख गावी एका ज्यू कुटुंबात जन्मला, 1889 मध्ये बोगोतात त्याने ‘बाव्हारिया’ ही बिअरची कंपनी काढली आणि 1927 मध्ये तिथेच वारला. कामगारांना घरं उभारायला त्याने हात दिला होता, त्यामुळे हयातीतही लोक गाऱ्हाणी घेऊन त्याच्या दारी जात. कोलंबियातल्या कॅथलिक गोरगरिबांनी एका ज्यू, जर्मन बिअरवाल्याला नवसाला पावणारा करून टाकलं. त्याच्याशी ते अर्थातच स्पॅनिशमध्ये बोलतात.

माझा विषय भाषाशास्त्र, आणि त्यातही बहुभाषिक घरं. कोलोनजवळच्या विद्यापीठात शिकवताना जर्मन-कोलंबियन कुटुंबांकडे मी वळले, कारण ती दोन्ही तीरांवर सापडतात: काही बोगोता-बारांकियात, काही कोलोन-बर्लिनमध्ये. रक्ताचा हिशेब दोन्हीकडे सारखाच, एक बाजू जर्मन आणि एक कोलंबियन. तरी त्यांतून वाढणारी मुलं एकमेकांसारखी नसतात. ‘मूल अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं’ हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य मला म्हणून पटत नाही. वाटणी कुठेच समान होत नाही. घर कुठल्या शहरात आहे, त्या शहरात त्या काळी कुठल्या भाषेला किती मान आहे, आणि मुलाला ती भाषा बोलण्यावाचून गत्यंतर आहे का, यावर सगळं ठरतं.

कोलंबियातल्या जर्मनांची गोष्ट जुनी आहे. 1539 मध्ये स्पॅनिश विजेता केसादा बोगोताच्या पठारावर ठाण मांडून होता, तेव्हा व्हेनेझुएलाच्या बाजूने निकोलाउस फेडरमान नावाचा जर्मन तिथे येऊन थडकला. पण कुटुंबं रुजली ती एकोणिसाव्या शतकात. सांतांदेर प्रांतात गेओ फॉन लेंगेर्के आला, डोंगरातून वाटा बांधल्या, सिंकोनाच्या सालीचा व्यापार केला आणि 1882 मध्ये सापातोका गावी वारला. त्याच्या अनौरस संततीच्या गोष्टी त्या भागात अजून चवीने सांगतात. पेद्रो गोमेस वाल्देर्रामा या लेखकाने 1977 मध्ये त्याच्यावर कादंबरीही लिहिली. किनाऱ्यावरच्या बारांकियात 1919 मध्ये जर्मन आणि कोलंबियन व्यापाऱ्यांनी मिळून ‘स्काद्ता’ ही विमान कंपनी सुरू केली. मॅग्दालेना नदीतून वर जायला आगबोटीला आठवडाभर किंवा त्याहून जास्त लागे. पाण्यावर उतरणारी युंकर्स बनावटीची विमानं तेच अंतर काही तासांत कापू लागली. आजची आव्हियांका विमान कंपनी तिचीच वारस.

या सगळ्या गोष्टींत एक धागा समान आहे. येणारे बहुतेक तरुण, एकटे पुरुष होते. लग्न तिथल्याच मुलींशी. मुलं आईच्या, आजीच्या, सांभाळणाऱ्या बायांच्या अंगाखांद्यावर स्पॅनिश शिकत, आणि वडील दिवसभर दुकानात किंवा नदीवर. दुसऱ्या पिढीत आडनाव जर्मन उरलं आणि जर्मन भाषा पत्रांपुरती. कोलंबियात माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. त्यामुळे एका पिढीत जर्मन आणि स्पॅनिश आडनाव शेजारी बसतात, आणि पुढच्या पिढीत आईकडचं गळून पडतं. जर्मन बाजू आईची असेल तर नातवंडांच्या नावातून तीही पुसली जाते. 2021 च्या कायद्याने आता क्रम आई-वडिलांनी आपसात ठरवायचा आहे.

व्यापारी कुटुंबांनी भाषा टिकवायला शाळा काढल्या. बारांकियाची जर्मन शाळा 1912 ची, बोगोतातली 1922 ची. आज या शाळांत वर्गातली बरीच मुलं जर्मन वंशाची नसतात; चांगलं शिक्षण आणि युरोपातल्या विद्यापीठांचा रस्ता म्हणून ऐपतदार कोलंबियन आई-बाप मुलांना तिथे घालतात. अशा वर्गात ज्याचे पणजोबा हाम्बुर्गहून आले त्याची जर्मन आणि ज्याच्या घरी कुणीच जर्मन नाही त्याची जर्मन सारखीच असते, शाळेत शिकलेली. फरक इतकाच की पहिल्याचं आडनाव ऐकून शिक्षक अपेक्षा वाढवतात, आणि त्या अपेक्षेखाली काही मुलं गप्प बसतात.

पण तेच आडनाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरावर संकट घेऊन आलं होतं. जून 1940 मध्ये स्काद्तातल्या जर्मन वैमानिकांना आणि कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढून टाकलं. जुलै 1941 मध्ये अमेरिकेने लॅटिन अमेरिकेतल्या संशयितांची काळी यादी जाहीर केली. यादीत नाव आलं की माल मिळेना आणि बँक दारात उभं करेना. त्या डिसेंबरात कोलंबियाने जर्मनीशी संबंध तोडले. नोव्हेंबर 1943 मध्ये जर्मन पाणबुडीने ‘रुबी’ हे कोलंबियन गलबत बुडवल्यावर युद्धस्थिती जाहीर झाली. जर्मनांच्या मालमत्ता सरकारी देखरेखीखाली गेल्या आणि पुढे काहींना फुसागासुगा गावच्या सबानेता हॉटेलात नजरकैदेत ठेवलं. लॅटिन अमेरिकेतून चार हजारांहून अधिक जर्मन अमेरिकेतल्या छावण्यांत पाठवले गेले, त्यांत कोलंबियातलेही होते. नाझींचे पाठीराखे, नाझींपासून पळून आलेले आणि राजकारणाशी घेणंदेणं नसलेले दुकानदार, सगळ्यांच्या पासपोर्टवर देश एकच. हुआन गाब्रिएल वास्केसची ‘लोस इन्फोर्मान्तेस’ (2004) ही कादंबरी याच काळाभोवती फिरते.

या मिश्र घरांत नेमकं काय झालं? नवरा जर्मन, बायको आणि मुलं कोलंबियन. दुकान बायकोच्या नावावर करायची धडपड, शेजाऱ्यांची नजर, बंद पडलेल्या जर्मन शाळा. त्या काळी लहान असलेली माणसं आज नव्वदीत आहेत. घरातली जर्मन रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आला, आणि खाली आलेला आवाज पुन्हा वर चढला नाही, असं त्यांच्याकडून ऐकलं आहे. भाषा मरायला बंदीची गरज लागत नाही. तिची लाज किंवा भीती वाटली तरी पुरते.

आता अटलांटिकच्या या तीरावर या. कोलोनमध्ये आई कोलंबियातल्या मेदेयिनची, बाप ऱ्हाइनकाठचा. इथे पारडं उलटं. जर्मन गल्लीत, बालवाडीत, बसमध्ये, बेकरीत. स्पॅनिश फक्त आईकडे आणि फोनच्या पडद्यावरच्या आजीकडे. स्पॅनिश ही जर्मनीत आवडती परदेशी भाषा, सुट्टीची भाषा. पण कोलंबिया म्हटलं की समोरचा मालिकांत पाहिलेल्या कोकेनच्या टोळ्यांवर विनोद करतो, आणि असे विनोद मुलाच्या कानावर शाळेतच पडू लागतात. एकाच मुलाच्या स्पॅनिशचं कौतुक होतं आणि आईच्या देशाची थट्टा.

अशा घरांना सर्वांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘एक माणूस, एक भाषा’: आईने आपल्याच भाषेत बोलायचं, बापाने आपल्या. तो फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मोरिस ग्रामाँचा. त्याने तो ज्यूल रोंजाला दिला होता. रोंजा फ्रेंच, बायको जर्मन. मुलगा लुई दोन्ही भाषा कशा शिकतो याची बापाने टिपणं ठेवली आणि 1913 मध्ये पुस्तक छापलं. शंभर वर्षांनंतरही पालक हाच नियम पाळतात. तो वाईट नाही, पण त्यावर भरवसा किती टाकायचा? आनिक दे हाउवर यांनी बेल्जियममधल्या फ्लांडर्स भागातल्या 1,899 कुटुंबांची पाहणी 2007 मध्ये प्रसिद्ध केली. एक पालक घरी फक्त अल्पसंख्य भाषा आणि दुसरा फक्त बहुसंख्य भाषा बोलत असे, अशा घरांतल्या सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबांत मुलं अल्पसंख्य भाषा बोलत होती. दोघेही पालक घरात अल्पसंख्य भाषाच बोलत असतील तर हे प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास. आणि एकच पालक ती भाषा बोलतो, तोही बहुसंख्य भाषेत मिसळून, तर छत्तीस टक्के. मेदेयिनची आई नवऱ्याला समजावं म्हणून जेवणाच्या टेबलावर जर्मनकडे वळते, तेव्हा तिचं घर नकळत या शेवटच्या गटाकडे सरकत असतं. म्हणून कोलोनच्या बापांना मी आधी सांगते: स्पॅनिश तुम्ही शिका. बोलता नाही आली तरी चालेल, कळू द्या. बापाला कळतं म्हटल्यावर आईला भाषा बदलावी लागत नाही.

मुलं गोंधळतात ही भीती मात्र निराधार आहे. जर्मन मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, गौण वाक्यात शेवटी जातं. फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये असं नाही. हाम्बुर्गमध्ये युर्गेन माइझेल यांनी जर्मन-फ्रेंच मुलांचा अभ्यास केला, तेव्हा दोन शब्द जोडू लागण्याच्या सुमारापासून मुलं प्रत्येक भाषेचा शब्दक्रम वेगळा ठेवताना दिसली. मोठ्या माणसाला व्याकरणाच्या पुस्तकातून जे जमत नाही ते दोन-अडीच वर्षांचं पोर करतं. शब्दांची मिसळ होते, पण ती बहुधा शब्द हाताशी नसल्यामुळे किंवा समोरच्याला दोन्ही कळतं हे ठाऊक असल्यामुळे.

खरी अडचण शिष्टाचारात येते. जर्मनमध्ये आदरार्थी संबोधन म्हणजे अंतर. मुलाला ते बापाने वापरलं तर थट्टाच वाटेल. बोगोता आणि बोयाकाच्या डोंगराळ मुलखात मात्र आई मुलाला, नवरा बायकोला, मैत्रीण मैत्रिणीला आदरार्थीच बोलते, आणि त्यात माया असते. मेदेयिनमध्ये वेगळाच एकेरी प्रकार, किनाऱ्यावर आणखी वेगळा. कोलोनमध्ये वाढलेली नात बोगोताला जाते आणि आजी आपल्याशी परक्यासारखं बोलते म्हणून खट्टू होते. स्पॅनिश येत असूनही ती घरातली रीत शिकलेली नसते, कारण रीत शिकायला आजूबाजूला अनेक माणसं एकमेकांशी बोलताना ऐकावी लागतात. एकटी आई कितीही बोलली तरी तो गलका देऊ शकत नाही.

म्हणून सण महत्त्वाचे. सात डिसेंबरच्या संध्याकाळी कोलंबियात घरोघर ओट्यावर, रस्त्याकडेला मेणबत्त्या आणि कागदी कंदील लागतात. आपल्या पणत्यांच्या ओळींशेजारी ठेवल्या तर परक्या वाटणार नाहीत. पुढे सोळा ते चोवीस डिसेंबर नऊ रात्री नातलग जमून प्रार्थना म्हणतात, बुन्युएलोस तळतात, नातिया वाढतात. भेटवस्तू दोन्ही देशांत चोवीसच्या रात्रीच. आणि कार्निव्हल! कोलोन आणि बारांकिया ही दोन्ही कार्निव्हलची शहरं, आणि दोन्ही उपासाच्या काळाआधीच्या त्याच दिवसांत वेडी होतात. बारांकियात शनिवारी फुलांची मिरवणूक निघते आणि मंगळवारी होसेलितो नावाच्या मौजी गृहस्थाला रडत-ओरडत पुरतात. त्याच मंगळवारी रात्री कोलोनच्या दारूगुत्त्यांबाहेर नुबेल नावाच्या बाहुल्यावर सगळ्या पापांचं खापर फोडून त्याला जाळतात. कॅथलिक पंचांगाने जोडलेली ही दोन शहरं एकमेकांना जितकी समजतात, तितकं कोलोन प्रॉटेस्टंट हाम्बुर्गला समजत नाही. ‘जर्मन बाजू’ म्हणून एकसंध काही नसतंच. मुलाच्या वाट्याला बापाचं शहर येतं.

अकॉर्डियनकडे पाहा. कोलंबियन किनाऱ्याच्या वायेनातो संगीताचा प्राण असलेलं हे वाद्य बहुतेक होनर कंपनीचं असतं, तिचं मूळ जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी. वायेदुपारला 1968 पासून भरणाऱ्या महोत्सवात त्याच्या वादकांचा राजा निवडतात. पहिला मान आलेहो दुरानचा. पण जर्मनीहून आलेली पेटी तिथले कारागीर खोलतात, सूर आपल्या कानाप्रमाणे लावतात, मगच ती वाजते. तिला कुणी जर्मन म्हणत नाही, आणि ती कुठे बनली हे लपवतही नाही.

माणूस दोन्हीकडचा असू शकतो, याबाबत कायदा फार हळू शहाणा झाला. 1975 पूर्वी जर्मन आई आणि परदेशी बाप यांच्या लग्नातल्या मुलाला आईचं नागरिकत्व सहसा मिळत नसे. बाप जर्मन असेल तर मिळे. त्या अन्यायाची भरपाई म्हणून ऑगस्ट 2021 पासून दहा वर्षं अशा मुलांना आणि त्यांच्या वंशजांना घोषणापत्र देऊन जर्मन होता येतं. कोलंबियाच्या 1991 च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. जर्मनीत नागरिकत्व घेताना जुनं सोडण्याची अट जून 2024 मध्ये गेली, आणि मे 2025 पासून आई-बापांची आडनावं जोडून मुलाला देणं जर्मन कायद्यातच बसतं. मात्र 1999 नंतर परदेशात जन्मलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या जर्मन माणसाचं मूलही परदेशात जन्मलं, तर वर्षाच्या आत नोंद केली नाही की जर्मन नागरिकत्व सहसा हुकतं. बारांकियातल्या काही घरांत जर्मन पणजोबांची तसबीर भिंतीवर राहील आणि पासपोर्ट राहणार नाही.

जर्मनीतले मराठी पालक मला विचारतात, आमच्या मुलांची मराठी टिकेल का? त्यांना मी या घरांबद्दल सांगते. आई-बाप दोघेही मराठी असतील तर तुमची बाजू कोलोनच्या त्या मिश्र घरापेक्षा फार भक्कम आहे. घरात दोघांनी मराठीच बोलायचं इतकंच पथ्य. मग पुढचं काम घराबाहेरचं. मुलाला मराठी बोलल्याशिवाय ज्यांच्याशी खेळता, भांडता येणार नाही अशी माणसं हवीत: सुट्टीत महिनाभर आजोळ, इंग्रजीत न वळणारे मामेभाऊ, शेजारचं मराठी पोर. मिश्र घरातल्या आईला हेच एकटीने उभारावं लागतं, म्हणून तिचं मूल तोडकीमोडकी स्पॅनिश बोललं तरी मी त्याला यश म्हणते. आणि बारांकियातल्या ज्या नातवाला जर्मन येत नाही, त्याच्यात मला काही उणं दिसत नाही. त्याच्या गल्लीने त्याला पूर्ण भाषा दिली आहे. जर्मन हवी असेल तर शाळा आहे, मित्र आहेत, विमान आहे. आणि नको असेल तर आडनावाने त्याच्यावर सक्ती करू नये.