मुक्कामाची जागा

आपल्या समाजाला प्रवास नवा नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूर. खांद्याला पिशवी, कडेवर पोर आणि फडक्यात भाकरी बांधून आपण निघतो. मिळेल तिथे चादर अंथरून रात्र काढतो. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या मुलीने एक प्रश्न विचारला आणि आम्ही निरुत्तर झालो.

"पप्पा, जिथं स्टेज नाही, माईक नाही, अशा ठिकाणी आपण कधी जाणार?"

पोरीचे खरे होते. चळवळीच्या कामाला आम्ही मुलांना बरोबर नेले, पण निव्वळ आनंदासाठी त्यांना घेऊन कधी बाहेर पडलो नाही. सहल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असे आमच्या मनाने कधीचे ठरवून टाकले होते. मग विहारात विषय निघाला आणि चार कुटुंबे तयार झाली. लहानथोर मिळून सोळा माणसे. एक रात्र पाण्याकाठी आणि दुसरी सकाळ माळरानावर, असा बेत ठरला. आमच्या माळेगाव बुद्रुकला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि चहूकडे ऊस. त्यामुळे अथांग पाणी आणि उघडा माळ, दोन्हींची पोरांना अपूर्वाई. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून फिरायचे. आमची कॅरॅव्हॅन म्हणजे वर्गणी काढून ठरवलेली टेम्पो ट्रॅव्हलर, मागे गॅसची शेगडी, ताडपत्री आणि सतरंज्या!

बारामतीहून साधारण तीस किलोमीटरवर भिगवण. तिथे उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की दलदलीत रोहित पक्षी उतरतात. पंधरा दिवस आधी आम्ही एका शेजाऱ्याला घेऊन मोटारसायकलवर जागा पाहायला गेलो. पहिलीच जागा मनात भरली. पाण्याला लागून शेत, चार तंबू, बाभळीची सावली. मालकाने चहा दिला, भाव सांगितला, नोंदीची वही पुढे ओढली. आमचे नाव लिहिले, गाव लिहिले. मग विचारले, "आडनाव काय म्हणालात?"

आम्ही आडनाव सांगितले. वही मिटली.

"अहो, त्या शनिवारी दुसरी पार्टी आहे. विसरलोच होतो."

"मग पुढचा शनिवार?"

"तोही भरलाय."

त्याने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. आमचा संशय खोटाही असेल. पण आम्ही कारकुनी करणारी माणसे. पुढचा शनिवार भरला आहे की नाही हे पाहायला वही उघडावी लागते, एवढे आम्हांला कळते. त्याने ती उघडली नाही.

परतताना शेजारी म्हणाला, "जाऊ द्या दादा, पोरांना सांगू, जमत नाही म्हणून." आमच्या डोळ्यांपुढे मात्र बाबासाहेबांची बैलगाडी उभी राहिली. १९०१ साली लहानगा भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. पुढे १९३४ साली बाबासाहेब कार्यकर्त्यांसह वेरूळ, दौलताबाद पाहायला गेले. ती सहलच होती. किल्ल्याच्या दाराशी हौदात हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर धावून आला. अखेर आत पाण्याला शिवायचे नाही या अटीवर सोडले आणि बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही सहल! पण या अनुभवांनी बाबासाहेब घरी बसले नाहीत. मग आम्ही का बसावे?

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या खेपेला आम्ही रीत बदलली. भाव विचारण्याआधी पूर्ण नाव सांगितले, गाव सांगितले, "जयभीमवाले आहोत" हेही सांगितले. फुगवट्यात मासेमारी करणारे एक कुटुंब होते. त्या घरच्या ताई जाळे निवडत होत्या. त्यांनी मान वर करून एवढेच विचारले, "बाया-पोरं किती हायत?" आणि माठाकडे हात केला, "पाणी घ्या की, तांब्या तिथंच हाय."

जागा ठरली. तंबू नव्हते, बाभळी नव्हत्या. पण आम्हांला जे पाहायचे होते ते पाहून झाले होते.

बाकीच्या गोष्टी मग बारकाईने तपासल्या. त्या समाजबांधवांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून सांगतो. पहिली गोष्ट संडासाची. बायकांना रात्री बॅटरी घेऊन उघड्यावर जावे लागणार असेल, तर देखावा कितीही सुंदर असो, ती जागा बाद. दुसरी जमिनीची. पाणी ओसरलेली जागा वरून कोरडी दिसते, आत गाळ असतो. गाडी रुतते, पोर रुतते. म्हणून मुक्काम काठापासून लांब, उंच मुरमाड जागेवर करावा. तिसरी बोटीची. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. त्यात लहान मुलेही होती. तेव्हा अंगात जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाऊल टाकू नये आणि वारा सुटला तर पैसे गेले तरी चालतील, पण माघारी फिरावे. चौथी गोष्ट, पिण्याचे पाणी पुरेसे घरून न्यावे. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून उजनीत येते. त्या पाण्याला आज सर्वांना हात लावता येतो, पण ते तसेच प्यायच्या लायकीचे राहिलेले नाही.

ठरलेल्या शनिवारी संध्याकाळी पोहोचलो. ताईंनी चिलापीचे कालवण केले, आमच्या बायकांनी भाकऱ्या थापल्या आणि दोन्ही घरे एका पंक्तीला बसली. आमची आई सत्तरीच्या पुढची. तिच्या लहानपणी तिला विहिरीवर चढायची बंदी होती. कोणी वरून ओंजळीत ओतील तेव्हा पाणी मिळायचे. पोरींचा हात धरून ती काठाशी गेली, वाकून पाणी हातात घेतले आणि कितीतरी वेळ बोटांमधून गळू दिले. काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

पहाटे त्रिसरण-पंचशील घेऊन निघालो ते इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ रानाकडे. वनविभागाने २०२४ साली तिथे सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी करायची आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा. त्या रानात मुक्काम नाही, चूल नाही. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते. लोक त्याला पडीक म्हणतात, पण चिंकारा, लांडगा, खोकड यांचे ते घर आहे. आम्ही माळ पाहिला की आम्हांला दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवतो, सातबारा आठवतो. पोरांनी माळ पाहिला आणि त्यांना उड्या मारत जाणारे चिंकारे दिसले. दोन्ही खरेच आहे. पोरांना आधी चिंकारे दिसले, याचा आम्हांला आनंद झाला.

बंधू-भगिनींनो, वर्षातून एक तरी रात्र लेकराबाळांना घेऊन असे बाहेर पडा. जागा निवडताना झाडे, पक्षी, भाव सगळे पाहा. पण सर्वांत आधी आपले आडनाव सांगा. ते ऐकून जो माणूस तांब्या पुढे करील, त्याच्याच अंगणात सतरंजी अंथरा.

जयभीम!