रीडायरेक्ट कुणाच्या हाती?

जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर पोचवणं हे वेब सर्व्हरचं काम, फ्रेमवर्कनं त्यात पडू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. एंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकली की रिक्वेस्ट पायथनपर्यंत जातच नाही. मग डेटाबेसला कशाला त्रास द्यायचा? टीममध्ये नव्यानं येणाऱ्यांनाही मी हेच सांगायचो. आज मी तसं सांगत नाही.

जँगो हे पायथनमधलं फ्रेमवर्क अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्रात घडलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्यासोबत रीडायरेक्टचं एक छोटं अ‍ॅप मिळतं. त्याचं मिडलवेअर नीट वाचलं आणि माझा वेगाचा मुद्दा लंगडा पडला. रिक्वेस्ट आधी नेहमीच्या वाटेनं जाते. पान सापडलं तर जुन्या-नव्या पत्त्यांच्या टेबलकडे कुणी बघतही नाही. उत्तर ४०४ आलं तरच जुना पत्ता शोधला जातो, आणि सापडला तर ३०१ देऊन वाचकाला पुढे पाठवलं जातं. चालू पानांना त्याची झळ लागत नाही.

तरीही मत पुरतं बदललं ते संपादकांसोबत काम करताना. लेखाचा स्लग सुधारायचा तर त्यांना आमच्याकडे तिकीट टाकावं लागे, मग पुढच्या डिप्लॉयची वाट बघावी लागे. बरेचदा ते कंटाळून चुकीचा स्लग तसाच ठेवत. शेवटी आम्ही ते टेबल अ‍ॅडमिनमध्ये त्यांच्यासाठी खुलं केलं. जुना पत्ता, नवा पत्ता, एवढंच भरायचं. एका संपादक ताईंनी विचारलं, “हा लेख आम्ही मागे घेतलाय. याला कुठे पाठवू?” मी म्हटलं, “नवा पत्ता रिकामा सोडा.” तसं केलं की जँगो ४१० देतं, म्हणजे पान कायमचं काढलं आहे. ताई म्हणाल्या, “मग हे आम्हीच ठरवायला हवं.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या सोयीला मर्यादा आहेत. पत्त्याच्या रकान्यात २०० चिन्हं मावतात. जुना पत्ता एन्कोड केलेल्या रूपात जुळवला जातो, आणि त्या रूपात देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा नऊ चिन्हं खाते. म्हणजे जेमतेम बावीस. मराठी स्लग ठेवणाऱ्यांनी हा रकाना आधीच वाढवून घ्यावा. पत्त्यामागे प्रश्नचिन्ह आणि ट्रॅकिंगचं शेपूट असेल तर तो जुळतच नाही. ३०१ ब्राउझर दीर्घकाळ लक्षात ठेवतो, म्हणून निर्णय पक्का होईपर्यंत मिडलवेअरमध्ये थोडा बदल करून ३०२ द्यावा.

एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेणं, पूर्ण डोमेन बदलणं हे सरसकट नियम मी आजही एंजिनएक्समध्येच ठेवतो. एकेका पानाचा निर्णय मात्र टेबलमध्ये, ते पान लिहिणाऱ्याच्या हाती. चांगले पत्ते बदलत नाहीत, असं टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये आग्रहानं मांडलं होतं. ते मला तेव्हापासून पटलेलं आहे. पत्ता जपण्याची जबाबदारी एकट्या तंत्रज्ञाची, असं मानत होतो. आता ती संपादकाचीही आहे असं मानतो, आणि म्हणूनच तिचं साधन त्याच्या हाती द्यायला हवं.