किती वळसे?

बाळगुटीच्या जिनसांत मुरुडशेंग ओळखायला सर्वांत सोपी. बोटाएवढी, तपकिरी, पाच शेंगा एकमेकींत पिळलेल्या. छत्तीसगढी बायकांच्या मनगटातली चांदीची ऐंठीच जणू. रायपुरात ती मरोडफली म्हणून मागायची. पोटात पीळ पडला की पिळाची शेंग द्यावी, हा जुना तर्क मला कधी पटला नाही. आकारात कसलं आलंय औषध! ती तुरट आहे आणि तुरट रस स्तंभन करतो, म्हणजे जुलाब बांधतो, एवढं आयुर्वेदाचं म्हणणं मला पुरतं. गिनीपिगच्या आतड्यावर तिचा अर्क वापरून पाहिला, तेव्हा पेटके सैल पडल्याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पण प्रयोगशाळेतलं आतडं म्हणजे पाय पोटाशी घेऊन रडणारं बाळ नव्हे.

खरी गोम उगाळण्यात. रायपूरच्या पुरानी बस्तीत माझ्याकडे औषधाला तात्यापाऱ्यातल्या मराठी आज्याही येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वळसे देऊ?" मी आधी सहाण आणायला सांगते. पणजीच्या वेळची सहाण झिजून गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर तीन वळशांत पाणी जेमतेम गढुळतं. नवी खरखरीत सहाण एका वळशात तेवढं उतरवते. शिवाय हात! आजीचा हात हलका, घाईतल्या बापाचा जड. शेंग जुनी, पोखरलेली असली तर भुसाच उतरतो. म्हणून मी वळसे सांगत नाही, त्यांच्याच सहाणेवर उगाळून पाण्याचा रंग दाखवते. वेखंड नि जायफळाच्या बाबतीत तर हा काटेकोरपणा हवाच. तिथे चार वळसे जास्त झाले तर बाळ सुस्तावतं, आणि घरचे म्हणतात, बघा, कसं शांत झोपलं!

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मी गुटी सांगतच नाही. अंगावरचं दूध, पाजल्यावर ढेकर, पोटाला कोमट हात. आज्या रुसतात. "आम्ही नाही का वाढवली?" वाढवली, हे खरंच. पण हिरवी उलटी, ताठलेलं पोट, शौचात रक्त यांपैकी काही दिसलं तर सहाण बाजूला आणि रिक्षा थेट हॉस्पिटलला. तिथे मी वाद घालत नाही.

मोठ्यांच्या जुनाट आवेत मात्र मुरुडशेंग मी विश्वासाने देते, चूर्ण ताकातून, जोडीला बेलफळाचा गर. पण आम, म्हणजे पोटातलं न पचलेलं, पचायच्या आधी नाही. ताप असताना नुसतं जुलाब बांधायला कुणी ती मागितली, तर मी आधी नाडी नि जीभ पाहते, आणि बहुतेकदा रिकाम्या हातानेच परत पाठवते.